मल्च केलेली जमीन परत परत माती होतेय? माइनक्राफ्टच्या शेतीत आच्छादन बसवताना कुठं कुठं नडतं

आधी प्रॉब्लेम नीट सांगतो, कारण मला स्वतःला तो नीट शब्दात मांडायलाच आठवडा गेला. माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांचं (ब्लॉकचं) जग असलेला गेम, त्याची जावा एडिशन 1.20.1, मॉड चालवायला फॅब्रिक लोडर, आणि त्यावर मी लिहिलेलं एक छोटं मॉड, म्हणजे गेममधे भर घालणारा कोड. मॉडमधे काय आहे तर गहू काढला की गव्हाबरोबर थोडं काड पण मिळतं, ते काड हातात घेऊन फार्मलँडवर (कुदळ मारून केलेल्या शेतजमिनीवर) राइट क्लिक केलं की एक थर पसरतो, असे तीन थर बसतात. मल्चिंगनं जी कामं रानात होतात त्यातली दोन गेममधे यावीत एवढंच पाहिजे होतं, ओल जास्त वेळ टिकावी आणि पीक काढल्यावर रिकामा वाफा (फार्मलँडचा एक ब्लॉक) लगेच कडक माती होऊ नये. आणि होत होतं असं की काही वेळ सगळं छान, मग अचानक आख्खं रान साधी माती. परत कुदळ मारा, परत काड पसरा, परत तेच.

त्यात अजून एक भानगड, हे माझ्या जगात होतच नव्हतं. माझा चुलत भाऊ त्याच्या घरी त्याच्या जगात खेळतो, मॉडची फाइल तीच, व्हर्जन तेच, आणि दर दोन दिवसांनी त्याचा फोन, "दादा, परत माती झाली बघ, आख्खा पट्टा गेला." मी प्रत्येक वेळी काहीतरी दुरुस्त करून नवी फाइल पाठवायचो आणि ती दुरुस्ती खोटी नसायची, खरंच काहीतरी चुकलेलं सापडायचं, पण मूळ दुखणं वेगळंच होतं. म्हणून खाली सगळंच लिहितो, कारण तुम्ही असं मॉड करत असाल तर यातलं एक तरी तुम्हाला लागणारच.

गेममधे शेतजमीन कशी चालते हे डोक्यात पक्कं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फार्मलँडला मॉइश्चर नावाचा एक आकडा असतो, 0 ते 7. गेम दर टिकला, म्हणजे सेकंदाला 20 वेळा, 16 बाय 16 बाय 16 च्या प्रत्येक भागातून 3 ब्लॉक उचलतो आणि त्यांना रँडम टिक देतो. 4096 ब्लॉकमधून 3, म्हणजे एखाद्या ब्लॉकचा नंबर सरासरी 68 सेकंदांनी लागतो. नंबर लागला की फार्मलँड बघतं, चार ब्लॉकच्या आत पाणी आहे का, आपल्याच पातळीवर किंवा एक ब्लॉक वर, किंवा डोक्यावर पाऊस पडतोय का. यातलं काही असेल तर मॉइश्चर थेट 7. काहीच नसेल तर एकानं कमी. आणि आधीच 0 असेल, वर पीक पण नसेल, तर फार्मलँडची माती. बस एवढंच आहे. शून्यावर पोचलेला रिकामा वाफा पुढच्या रँडम टिकला मातीत जातो, त्याला दुसरी संधी नाही.

आता काड ठेवायचं कुठं हा पहिला प्रश्न, आणि इथंच बहुतेक जण अडकतात.

सगळ्यात आधी सुचतं ते म्हणजे मल्चचा वेगळा ब्लॉक करून जमिनीच्या वर ठेवायचा, बर्फाच्या थरासारखा. मी पण तेच केलं. पण जमिनीच्या वरची जागा पिकाची असते, एका जागेत दोन ब्लॉक राहत नाहीत, म्हणजे जिथं गहू आहे तिथं मल्च नाही आणि जिथं मल्च आहे तिथं गहू नाही. शिवाय फार्मलँडच्या डोक्यावर घट्ट ब्लॉक आला की ते लगेच माती होतं, आणि घट्ट कशाला म्हणायचं हे गेम त्या ब्लॉकच्या आकाराच्या मापावरून ठरवतो. थर 2 पिक्सेल जाड ठेवला तर चालून जातं, तोच 4 पिक्सेल केला की गेमच्या हिशोबानं घट्ट झाला आणि खाली माती. मी थर जरा जाड दिसावा म्हणून 4 केला होता आणि दोन दिवस डोकं खाजवत बसलो की काल चालत होतं ते आज का नाही. तुमच्याकडं मल्च ठेवल्या ठेवल्या त्याच क्षणी माती होत असेल तर बाकी काही शोधत बसू नका, हेच आहे.

मग दुसरा रस्ता, फार्मलँडच्या जागी आपला स्वतःचा "मल्च असलेलं फार्मलँड" असा ब्लॉक आणायचा. दिसायला हे बरोबर वाटतं. पण गव्हाचं रोप खाली बघतं तेव्हा ते हुबेहूब गेमचंच फार्मलँड आहे का हे विचारतं, त्याच वर्गातून (कोडमधल्या क्लासमधून) बनवलेलं भावंड त्याला चालत नाही. म्हणजे बी पेरताच येत नाही, आणि आधी पेरलेल्या वाफ्याचा ब्लॉक बदलला तर शेजारी काही हललं की रोप उपटून बी खाली पडतं. वाढीचा वेग मोजताना पण आजूबाजूचे असे वाफे धरले जात नाहीत. गंमत म्हणजे शेतकरी गावकरी मात्र वर्ग बघतो, ब्लॉक नाही, म्हणून तो बिचारा अशा वाफ्यात पेरायला येतो आणि त्याची मेहनत वाया जाते. "पीक आपोआप उपटतंय" ही तक्रार असेल तर कारण हे.

म्हणून मल्च हा वेगळा ब्लॉक नाही, तो जमिनीचाच गुण आहे असं धरा. गेमच्या फार्मलँडलाच मिक्सिन, म्हणजे गेमच्या कोडमधे आपला कोड घुसवायची सोय, लावून मॉइश्चरच्या शेजारी मल्च नावाचा अजून एक आकडा द्या, 0 ते 3. 8 गुणिले 4, एकूण 32 अवस्था होतात, गेमला त्याचं काहीच ओझं नाही. पिकाला खाली फार्मलँडच दिसतं, पाणी बघायचा नियम तसाच चालतो, आणि दिसण्यासाठी फक्त मॉडेल वेगळं द्यायचं. फार्मलँडची उंची पूर्ण नसते, 16 पैकी 15 पिक्सेल असते, त्यामुळं काडाचा पोत 15 व्या पिक्सेलपासून वर काढायचा, नाहीतर काड हवेत तरंगताना दिसतं. पुढंमागं कुणी मॉड काढून टाकलं तरी जग बिघडत नाही, अनोळखी आकडा गेम सोडून देतो आणि साधं फार्मलँड उरतं.

हे केल्यावर मला वाटलं झालं. आणि भावाचा फोन आला.

त्याच्याकडं सापडलेली पहिली चूक अशी. मी मल्चचा परिणाम फक्त "एकानं कमी कर" या ठिकाणी लावला होता, म्हणजे मल्च असेल तर काही वेळा ओल कमी करायचं टाळायचं. पण ओल हळूहळू का होईना शून्यावर येतेच, आणि शून्यावर आल्यावरची जी दुसरी फांदी आहे, पीक नसेल तर माती कर, तिथं मल्चला कुणी विचारतच नव्हतं. त्यामुळं उभ्या पिकात काही कळायचं नाही आणि कापणी झाली की वाफे जायचे. उपाय एका ओळीचा, मल्च 0 पेक्षा जास्त असेल तर त्या फांदीत शिरायचंच नाही. 1.20 मधे वर कुठले ब्लॉक असले की फार्मलँड टिकतं याची यादी एका टॅगमधे ठेवलेली आहे, त्याचं नाव मेंटेन्स फार्मलँड. ज्यांना जावा लिहायचं नाही, फक्त डेटापॅकवर (कोड न लिहिता गेमचे नियम बदलणाऱ्या फाइल्सवर) काम भागवायचंय, त्यांनी एखादा पातळ ब्लॉक या टॅगमधे टाकला तरी त्याच्याखालचा रिकामा वाफा कोरडा पडून माती होत नाही. पूर्ण मल्चिंग नाही ते, पण पडीक ठेवायच्या पट्ट्याला पुरतं.

दुसरी चूक पायाखाली. शेतावर उडी मारली की जमीन तुडवली जाते, किती उंचीवरून पडलात त्यातून अर्धा वजा केला की तेवढी शक्यता, म्हणजे साध्या एका उडीला, जी सव्वा ब्लॉकची असते, साधारण 75 टक्के. हा कोड वेगळ्या ठिकाणी आहे आणि तो थेट माती करतो, मल्चला विचारत नाही. मी आता असं ठेवलंय की काडाचे थर असतील तर तुडवल्यावर एक थर जातो आणि जमीन वाचते. रानात पण पाचटावरून चाललं तर खालची माती तेवढी दबत नाही, तेव्हा हे मला पटतं.

तिसरी, ही छोटी आहे पण सापडायला वाईट. कुठलंतरी दुसरं मॉड किंवा तुमचाच पाणी घालायचा कोड जमीन भिजवताना कोरं फार्मलँड घेतो, त्यात मॉइश्चर 7 टाकतो आणि ठेवून देतो. कोऱ्या फार्मलँडमधे मल्च 0. पाणी घातलं आणि काड गायब. कायम आहे ती अवस्था उचलून त्यातलं मॉइश्चर तेवढं बदला.

एवढं सगळं केलं, स्वतः रात्रभर तपासलं, रँडम टिक स्पीड (दर टिकला किती ब्लॉक उचलायचे तो आकडा) 3 वरून 300 करून बघितलं म्हणजे 68 सेकंदांचं काम पाऊण सेकंदात होतं, शेकडो वेळा ओल चढली उतरली, एकही वाफा गेला नाही. फाइल पाठवली. चौथ्या दिवशी, "दादा, परत."

या वेळी मी त्याला म्हटलं फोन ठेवू नको, स्क्रीन दाखव आणि खेळत राहा, मी नुसता बघतो. आणि बघताना एक गोष्ट दिसली जी तो इतके दिवस सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो. तो म्हणत होता आख्खा पट्टा गेला. रँडम टिकनं जमीन गेली तर ती अशी जात नाही, एक वाफा इथला, एक तिथला, रान ठिगळ ठिगळ दिसायला पाहिजे. इथं दोन-तीन मिनिटांत सगळा पट्टा साफ, आणि तोही एकाच दिवशी काड पसरलेला. शेजारचा नंतर पसरलेला पट्टा जसाच्या तसा. म्हणजे हे नशिबाचं काम नव्हतं, घड्याळाचं होतं. तुमच्याकडं पण आधी हेच बघा, ठिगळं पडतायत का पट्टा जातोय, अर्धा शोध तिथंच संपतो.

घड्याळ मीच लावलं होतं. काड कुजलं पाहिजे ना, कायमचं कसं राहील, म्हणून मी जगाच्या सेव्हमधे कुठल्या जागेवर कितव्या दिवशी काड टाकलं याची नोंद ठेवत होतो आणि 6 दिवस झाले की पुढच्या रँडम टिकला मल्च 0. आता गेमचा एक दिवस 24000 टिकचा, म्हणजे 20 मिनिटांचा, 6 दिवस म्हणजे 2 तास. माझ्या जगात बरोबर 2 तास, कारण मी रात्रीचा खाली खाणीत असतो, झोपत नाही. भाऊ रोज संध्याकाळ झाली की पलंगावर. साधारण 12542 व्या टिकपासून झोपता येतं आणि झोपलं की दिवसाचं घड्याळ थेट सकाळवर उडी मारतं, म्हणजे त्याचा दिवस साडेदहा मिनिटांचा, त्याचे 6 दिवस तासाभरात संपत होते. बरं घड्याळ पुढं गेलं तरी झोपेत रँडम टिक काही वाढून मिळत नाहीत, पीक तेवढंच वाढलेलं, ओल तेवढीच उतरलेली, फक्त काड म्हातारं झालेलं. आणि मुदत संपली त्या टिकला मल्च 0, मॉइश्चर 0, वर पीक नाही, तर त्याच टिकला माती पण. काड कुजलेलं डोळ्याला दिसायचं पण नाही, थेट माती दिसायची.

आणि माझी 300 वाली टेस्ट हे का पकडू शकली नाही ते पण कळलं, रँडम टिक स्पीड वाढवला की जमीन पळते पण दिवस पळत नाही. मी एकच घड्याळ पळवत होतो.

पहिला इलाज केला तो अर्धा. दिवसाचं घड्याळ सोडून जगाचं वय धरलं, गेम टाइम, ते झोपल्यानं उडी मारत नाही. झोपेचा प्रॉब्लेम गेला. पण भाऊ लांबच्या गावाला व्यापार करायला गेला आणि परत आला तर तेच. कारण रँडम टिक मिळायला खेळाडू त्या चंकपासून (जगाच्या 16 बाय 16 च्या तुकड्यापासून) 128 ब्लॉकच्या आत लागतो, तो लांब गेला की शेत थिजतं, पीक थिजतं, ओल थिजते, पण जगाचं वय चालूच. परत आल्यावर पहिल्याच टिकला सगळी थकबाकी एकदम वसूल.

म्हणून पक्का इलाज हा, काडाला स्वतःचं घड्याळ द्यायचंच नाही. जमीन ज्या टिकवर सुकते त्याच टिकवर काड कुजवायचं. आता कुठलीही नोंद नाही, सेव्हमधे काही लिहायचं नाही, फार्मलँडला रँडम टिक मिळाला की 50 मधे 1 या शक्यतेनं मल्च एकानं कमी. 50 गुणिले 68 सेकंद, म्हणजे एक थर सरासरी 57 मिनिटं जातो. आणि मल्च कमी झालं तर त्या टिकला बाकी काही करायचं नाही, परत जायचं, म्हणजे शेवटचा थर गेला तरी जमिनीला निदान एक टिक मोकळा मिळतो आणि खेळाडूला उघडा वाफा दिसतो, तो काड टाकू शकतो. अवस्था बदलताना ती क्लायंटला (खेळाडूच्या स्क्रीनवरच्या गेमला) पाठवायचा 2 चा फ्लॅग (कोडमधली खूण) विसरू नका, नाहीतर सर्व्हरवर काड संपलेलं असतं आणि तुम्हाला स्क्रीनवर पसरलेलं दिसत राहतं, मग माती झाली की परत वाटतं मल्च असून गेली.

हे घड्याळाचं प्रकरण मला खरं तर आधीच सुचायला पाहिजे होतं कारण आमच्याकडं गावाला उसाच्या खोडव्यात काका पाचट जाळत नाहीत, सरीत दाबतात. ते पाचट कधी कुजेल हे तारखेवर नसतं, खाली ओल आहे का, ऊब आहे का त्यावर असतं. कोरड्या बांधावर पडलेलं पाचट वर्षभर तसंच कडकडीत असतं आणि सरीतलं उचलून खाली हात घातला की बोटाला गार, काळं, भुसभुशीत लागतं, दोन गांडुळं पण दिसतात. वरून ऊन रणरणत असतं आणि खाली वापसा असतो. म्हणून मी पुढं जाऊन मॉइश्चर 0 असेल तर कुजणं निम्म्यावर आणलं, 100 मधे 1.

आता दुसरी नेहमीची तक्रार, "मल्च घातलं पण काही फरकच पडत नाही." ही चूक कोडमधे नसते. गेममधे पिकाला मॉइश्चर 1 असो की 7, सारखंच, भिजलेली एवढंच बघतं. आणि पाण्याचा एक ब्लॉक चारही बाजूला चार ब्लॉक भिजवतो, म्हणजे 9 बाय 9 च्या शेतात 80 वाफे कायम 7 वर. अशा बागायती शेतात मल्चला कामच नाही, कारण ओल उतरतच नाही. तण गेममधे नाही, नाहीतर मल्चिंगचा निम्मा फायदा खुरपणी वाचण्यातच असतो. काही जण मग मल्च घातलं की मॉइश्चर 7 असं करून टाकतात, तसं कृपा करून करू नका. काड पाणी देत नाही, आहे ते धरून ठेवतं. मल्चची जागा कोरडवाहू शेतात आहे, डोंगरावरचा पट्टा, जिथं फक्त पाऊस येतो. वाळवंटात तर गेममधे पाऊसच पडत नाही, तिथं पाण्याशिवाय तीन थर टाकले तरी कोरडं ते कोरडंच, आणि तसंच असायला पाहिजे.

कोरडवाहूत हिशोब कसा बसतो ते बघा, हा मला फार आवडतो. उघड्या जमिनीची ओल 7 वरून 0 वर यायला सरासरी 8 मिनिटं. मी एका थराला ओल उतरायची शक्यता निम्मी, दोनला एक तृतीयांश, तीनला पाव ठेवलीय, म्हणजे 16, 24 आणि 32 मिनिटं. गव्हाला पेरल्यापासून 7 पायऱ्या चढायच्या असतात. आजूबाजूची सगळी जमीन भिजलेली, एक ओळ गहू आणि एक ओळ दुसरं पीक अशी पेरणी, उजेड 9 किंवा जास्त, तर प्रत्येक रँडम टिकला 3 मधे 1 शक्यता, म्हणजे साधारण 24 मिनिटं. तीच जमीन कोरडी असली तर 7 मधे 1, म्हणजे 56 मिनिटं. आता जोडून बघा, एक पाऊस झाला, उघडा वाफा 8 मिनिटांत सुकला आणि उरलेलं सगळं पीक कोरड्यावर रडतखडत. तीन थर असले तर ओल 32 मिनिटं, पीक 24 ला तयार. एका पावसावर गहू निघतो. सरासरीचं गणित आहे, एखादा वाफा मागं राहणार, पण पट्टा म्हणून बघितलं तर डोळ्याला फरक दिसतो. सगळीकडं गहूच गहू पेरला तर वाढीचा वेग निम्मा होतो, मग हे गणित बसत नाही, ओळी आलटून पालटून ठेवा.

काड मिळतं किती हे पण जपा. पिकलेल्या एका रोपाला गहू एकच मिळतो, त्यामुळं मल्चसाठी गहूच खर्ची घालायला लावला तर कुणी वापरणार नाही. मी काड वेगळं दिलंय, पिकलेल्या रोपाला 1, कच्चं काढलं तर काहीच नाही. नत्राचा भाग मी सोडून दिला. खरं काड मातीत मिसळलं की कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलंच नत्र ओढतात, म्हणून तर पाचटावर थोडा युरिया टाकतात, पण माइनक्राफ्टच्या जमिनीत नत्र हा प्रकारच नाही. व्हिंटेज स्टोरीसारख्या गेममधे नत्र, स्फुरद, पालाश वेगवेगळं मोजतात, तिथं कुणी मल्च करत असेल तर ते जरूर घ्यावं.

तपासायचं कसं ते सांगतो. एफ 3 दाबून वाफ्याकडं बघा, उजवीकडं त्या ब्लॉकचे आकडे दिसतात, मॉइश्चर आणि तुमचं मल्च. दोन वाफे शेजारी, एकावर काड, एक उघडा, दोन्ही रिकामे, पाण्यापासून पाच ब्लॉक लांब, वर छप्पर म्हणजे पाऊस लागायला नको. आधी रँडम टिक स्पीड 300 करून जमीन पळवा आणि संपल्यावर 3 वर परत आणायला विसरू नका, नाहीतर सगळं जंगल वेड्यासारखं वाढतं. मग स्पीड 0 करा, जमीन पूर्ण थांबते, आणि टाइम ॲडची कमांड देऊन दिवस पुढं ढकला, 10 दिवस ढकला, मग स्पीड 3. काड जसंच्या तसं राहिलं पाहिजे. इथं पट्टा गेला तर तुमच्या कोडमधे अजून कुठंतरी दिवस मोजला जातोय. मग 200 ब्लॉक लांब जाऊन अर्धा तास काढा आणि परत या, तेच बघा. शेवटी काडावर उड्या मारा, थर एक एक करून उतरले पाहिजेत, एकदम माती नाही.

भावाच्या जगात नवी फाइल टाकून आता तीन आठवडे झाले. रोज झोपतोय, दोनदा नेदरमधे (गेममधल्या दुसऱ्या जगात) जाऊन आला, डोंगरावरचा गव्हाचा पट्टा जागेवर आहे. परवा त्यानं फोन केला तो काड पुरत नाही म्हणून, भोपळ्याच्या वेलाचा पाला पण चालव म्हणतोय.